लग्नाच्या फोटोची अट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा फोटोग्राफी, गल्लीत ‘फोटोवाल्या बाई’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी तो वाचावा, मला विचारू नये. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही. धमक्या मात्र पुष्कळ दिल्या. त्या सर्व या कागदाने रद्द समजाव्यात.

कलम १. माझी मिळकत म्हणजे औषधाच्या दुकानावरचा पहिला मजला: रस्त्याच्या बाजूला स्टुडिओ, मध्ये अंधारखोली, मागे राहत्या दोन खोल्या. हे सगळं पूर्वी यजमानांच्या नावे होतं, त्यांच्या पश्चात माझ्या नावे झालं. कष्ट कोणाचे हे नोंदवायला सरकारी कागदावर रकाना नव्हता, म्हणून इथे नोंदवते: माझे.

कलम २. यजमान कलावंत होते. स्टुडिओत येणाऱ्या माणसाला ते ‘गिऱ्हाईक’ म्हणत आणि डोंगराआड जाणाऱ्या सूर्याला ‘विषय’. विषयाच्या मागे निघाले की दोन-दोन दिवस पत्ता नसे. मागे मी खिडकीशी बसून निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिल फिरवायची आणि गिऱ्हाइकांचे व्रण, चामखीळ, डोळ्यांखालच्या सुरकुत्या झाकायची. “तू डाग पूस, कला मी बघतो,” असं ते म्हणायचे. आयुष्यभर बघतच राहिले. एका स्पर्धेत उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर नाव दुसऱ्याच कोणाचं होतं. तरी ते त्यांनी फ्रेम करून लावलं.

त्यांचे सूर्यास्त तीन ट्रंका भरून आहेत. ते सर्व मी माझ्या धाकट्या दिरांना देते. “दादाची कला लोकांना कळलीच नाही, वहिनी,” असं ते प्रत्येक भेटीत डोळे पुसत म्हणतात. एक फोटो घरी न्या म्हटलं की मात्र भिंतीला जागा नसते. आता त्यांनी मोठं घर बांधलं आहे. वास्तविक मला बोलावणं नव्हतं, पण मी जाऊन भिंती पाहून आले. जागा भरपूर आहे.

कलम ३. पेन्सिली, घासायचे चाकू आणि भिंगं कोणाला, असा प्रश्न वकिलांनी केला. कोणालाच नाही, ती मी फार पूर्वी टाकून दिली. त्याचं कारण बेकरीवाली.

बेकरीवाल्याच्या मृत्यूनंतर त्याचा जुना फोटो मोठा करून द्यायचा होता. मी जीव ओतून काम केलं. माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. बायको न्यायला आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, हे कोण?”

“तुमचे यजमान.”

“छे हो. यांच्या भुवईला खाच होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात भट्टीचं दार लागलेलं. मीच जोरात लोटलं होतं ते. रोज समोर जेवायला बसले की आधी ती खाच दिसायची मला. कुठे गेली ती?”

कुठे गेली ते मला माहीत होतं. मी आत गेले, निगेटिव्हवरची माझी सगळी पेन्सिल स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि नवा फोटो छापून आणला. ओलाच. तिने तो हातात धरला आणि मी तिथे नसल्यासारखी त्यालाच म्हणाली, “कुठे गेला होता इतका वेळ?”

यजमान तेव्हा ढगांच्या मागे होते. ते परत आल्यावर मी त्यांना सांगितलं की मला कला सापडली. ते म्हणाले, “आधी चहा टाक.” मी टाकला. पण त्या दिवसापासून कोणाच्याही चेहऱ्यावर हात फिरवला नाही. जो माणूस जसा आला तसा कागदावर आणायचा, हे माझं काम आहे हे मला कळलं, आणि मी फार सुखात होते. धंदा बसला, ही गोष्ट वेगळी.

कलम ४. धंदा समोरच्या स्टुडिओत गेला. त्याच्या मालकांना मी मनात ‘गुळगुळीत’ म्हणते, आता लेखीही म्हणते. त्यांच्याकडून निघालेला प्रत्येक चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा असतो. माझ्याकडे माणसं दोनदा येत: एकदा फोटो काढायला आणि एकदा भांडायला. “मी इतकी वाईट दिसते का हो?” असं एकीने विचारलं. “नाही, एवढ्याच दिसता,” मी म्हणाले. ती रस्ता ओलांडून गेली ती परत आली नाही. मात्र अनेक वर्षांनी तिचा मुलगा तिला हाताला धरून जिना चढवून घेऊन आला. “आई आता जशी आहे तशी हवी,” एवढंच म्हणाला. अशी माणसंही पुढे येत राहिली.

गुळगुळीत यांना माझ्या इस्टेटीतून काहीही मिळू नये अशी माझी इच्छा होती. साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकिलांनी सांगितलं, म्हणून त्यांना मुद्दाम साक्षीदार केलं आहे.

कलम ५. माझी एकुलती एक मुलगी दंतवैद्य आहे. संपूर्ण मजला, बँकेतली शिल्लक आणि सर्व निगेटिव्ह तिला मिळतील. तिच्या डाव्या गालावर कानापर्यंत लाल जन्मखूण आहे. लहानपणी ती तासन्‌तास अंधारखोलीत माझ्याजवळ बसून असायची, तेव्हा हिच्या हातात कॅमेरा द्यायचा असं मी ठरवून टाकलं होतं. तिने दात धरले.

तिच्या लग्नाचे फोटो मीच काढले. “आई, या एका फोटोत तो डाग नको,” असं ती म्हणाली. मी नाही म्हटलं. गावच्या माणसांना जे नाकारलं ते घरात करायचं, म्हणजे इतकी वर्षं केलं ते ढोंग ठरलं असतं. तिने तो फोटो उचलला, समोर नेला आणि गुळगुळीत करून आणला. तोच आज तिच्या दिवाणखान्यात आहे. तेव्हापासून आमचं बोलणं औषधं, विजेचं बिल आणि जावई यांच्यापुरतं चालतं.

सबब अट अशी की, वरील मिळकत तिला मिळण्यापूर्वी तिने तो फोटो काढून त्या जागी मी काढलेला, न पुसलेला फोटो लावावा.

कलम ६. मोठा लाकडी कॅमेरा जावयांना. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण दरवेळी ते काळ्या कापडात डोकं घालून आत बघतात आणि सल्ला देत नाहीत. या घराण्यात ही गोष्ट दुर्मीळ आहे.

कलम ७. इथवरचा मसुदा मुलीला वाचायला दिला. तिने उभ्यानेच वाचायला घेतला, पाचव्या कलमाशी आल्यावर खुर्ची ओढून बसली.

“आई, मी अंधारखोलीत का यायचे, ठाऊक आहे तुला?”

“आवड होती तुला.”

“नाही गं. त्या लाल दिव्याखाली माझा डाग दिसायचा नाही. तुझ्या ट्रेवर वाकलं की पाण्यात माझे दोन्ही गाल सारखे दिसायचे. तेवढ्यासाठी यायचे मी.”

लाल उजेडात लाल रंग दिसत नाही, हे मला शिकवायला कोणी यायला नको. उभं आयुष्य त्या दिव्याखाली गेलं. पण पोर पाण्यात वाकून बघायची तेव्हा ती फोटो कसा उमटतो ते बघतेय, असंच मी समजत आले. मी तेव्हा ट्रेमधल्या कागदाकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं, आणि ते तिच्यासमोर लपवता आलं नाही.

“फोटो लावशील?” मी विचारलं.

“अट काढ आधी.”

“आणि काढल्यावर नाही लावलास तर?”

“तर नाही लावला.”

सबब कलम ५ मधील अट मी रद्द करते. तो फोटो तिने लावावा, फाडावा किंवा पुन्हा समोर न्यावा. तिच्या चेहऱ्याबाबत माझा कोणताही हक्क, दावा अथवा आग्रह यापुढे शिल्लक नाही. या कागदात कबुलीजबाब नाही. मृत्युपत्रात तो लिहीत नाहीत असं वकील म्हणाले, आणि त्यांचं हे एकच म्हणणं मी चटकन मान्य केलं.

येणेप्रमाणे लिहिलेलं वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही केली.

स्थळ: स्टुडिओ, रस्त्याकडच्या खिडकीशी.
दिनांक: चौदा नोव्हेंबर, बुधवार.

लिहून देणार: (सही) फोटोवाल्या बाई

साक्षीदार:
१. (सही) समोरच्या स्टुडिओचे मालक. कलम ४ वाचून, हसून सही केली.
२. (सही) खालचे औषधवाले. काहीही न वाचता सही केली.

टीप: लाभार्थीने सह्यांच्या वेळी समोर नसावं असं वकिलांनी सुचवल्यावरून मुलगी तेवढा वेळ अंधारखोलीत जाऊन बसली. सह्या होऊन, चहा होऊन साक्षीदार घरी गेले. दार अजून आतून बंद आहे आणि खालच्या फटीतून लाल उजेड येतो आहे. मी दार वाजवलेलं नाही.