झोळीतला हात

सोम. ४ फेब्रु. ९१, अमळनेर

उशिराबद्दल माफी असावी. धुळ्याच्या बाईंनी रोज दोन ओळी लिहायला सांगितलं होतं, हात किती वर गेला ते. पाच दिवस वही कोरी. उजवा हात गळ्यातल्या झोळीतून काढल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि काढलेला कोणी पाहिला तर व्याह्यांच्या कानावर जाईल. झोळी त्यांनीच बांधली. डॉक्टर आहेत, दर शुक्रवारी खांद्यात सुई देतात. आमची शोभा त्यांची सून.

ते म्हणतात, हात हलवू नका. बाई म्हणतात, हलवलाच पाहिजे, नाहीतर खांदा कायमचा धरून बसेल. बाईंचं कामच ते, आखडलेले सांधे व्यायामाने सोडवायचं. पहिल्या दिवशी विचारलं, "डॉक्टरांची चिठ्ठी?" मी म्हटलं, तोंडी सांगितलंय त्यांनी. खोटं.

बुध. ६

भिंतीवर बोटं चालवली, बाईंनी दाखवलं तसं, मुंगीसारखी. खिडकीच्या पहिल्या गजापर्यंत. डोळ्यांत पाणी आलं. ही दारात पहाऱ्याला. म्हणे, "कोनी येई ऱ्हायना तं मी खोकसू." मग तिला खराच खोकला लागला. मला वाटलं कोणी आलंच, घाईने झोळी उलटी घातली.

शुक्र. ८

सुई. व्याह्यांनी हात उचलून पाहिला. चार बोटं जास्त गेला. खूश. "पाहिलंत नाना? विश्रांतीचा गुण!" बाकावरच्या पेशंटांना दाखवलं. मग म्हणाले, झोळी आणखी एक महिना.

हसलो.

मंगळ. १२

धुळे. बसमध्ये दांडा डाव्या हाताने धरला, तरी खांद्याला हिसके. बाईंना सुईच्या खुणा दिसल्या. "हे काय?" सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी नाही, व्याह्यांना माहीत नाही, लेक त्यांच्या घरात. वाटलं, हाकलतील. म्हणाल्या, "नाना, माझ्याकडे यायला चिठ्ठी लागत नाही. खोटं कशाला बोललात? पण सुईत काय असतं ते कळल्याशिवाय मी खांदा ओढणार नाही. तेवढं विचारून या."

तेवढं!

शुक्र. १५

विचारलं. निघताना, दारात. "डॉक्टरसाहेब, ही सुई कसली असते?" त्यांनी चष्मा काढला.

"का? कोणी विचारलं?"

"नाही, सहज."

"नाना, जन्म गेला सुया देण्यात. नाव विचारणारे तुम्ही पहिलेच."

कंपाउंडर हसला. मी पण.

रवि. १७

शोभा आली. चप्पल काढायच्या आत, "नाना, मामंजींना काय बोललात तुम्ही? दोन दिवस ताटावर तेच चाललंय. आपल्याच माणसांचा विश्वास नाही म्हणतात." खरं सांगणार होतो, अगदी ओठांवर आलं. तिचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, म्हातारा झालो, काहीतरी बोलून जातो.

ती गेल्यावर ही म्हणे, "आते धुळं बंद. पोरले तठे नांदनं शे."

बरोबर आहे. पण खांदा माझा.

बुध. २०

बाईंनी ओढल्याशिवाय नुसती बोटं चालवून भागत नाही. आज पहिल्या गजाच्याही खाली राहिलो. सदरा हिने चढवला, लहान पोराला चढवतात तसा. पाठीवर पाणी तीच घालते. परवा पुन्हा सुई. घेतली तर बाई हात लावणार नाहीत. नाही म्हणावं तर कारण काय देऊ? आणि शोभाचं...

शुक्र. २२, सकाळ

व्याही आज स्वतःच घरी येणार, संध्याकाळी सातला. निरोप आला. "नानांची शंका फेडतो" म्हणाले म्हणे. म्हणजे काय ते कळत नाही. नाव सांगतील? की शोभाला समोर बसवून बोलतील?

शेजारचे गुरुजी नोकरीला रोज धुळ्याला जातात. ही वहीच त्यांच्याबरोबर पाठवतो. बाई, हात किती वर गेला तेवढं लिहायचं होतं, भलतंच लिहून बसलो. राग मानू नका. सुईचं नाव मला पुन्हा विचारवत नाही. नाव न कळता काही होण्यासारखं आहे का? आजची सुई टाळू का? का तुम्हीच त्यांना दोन ओळी... नको, तसं नको.

गुरुजी सहाच्या सुमारास परततात. जे असेल ते त्यांना तोंडी सांगा, कागद नको. फक्त आजच सांगा. ते दारात उभे आहेत, बस निघेल, थांबतो.