लंब्याची सीट

२ सप्टेंबर, बुधवार

छोटा ट्रॅक्टर घ्यायचा. ठरलं!

साडेतीन एकर जमीन, त्यात अर्धी लिंबाची झाडं. गवत कमरेला लागतंय. म्हणजे माझ्या कमरेला, इतरांच्या ते गुडघ्याशीच असेल. भाड्याने कुणाला बोलवावं तर "उद्या येतो" म्हणतो आणि उगवत नाही. घरचा मोठा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा आहे, पण तो झाडांच्या ओळींतून वळत नाही, फांद्या मोडतात. असं मी सगळ्यांना सांगतो. लेकीलाही फोनवर तेच सांगितलं. "घ्या बाबा, तेवढंच मन रमेल," म्हणाली. मन रमवायला ट्रॅक्टर! लोक पत्ते खेळतात.

ही शिलाई मशीनपाशी बसून होती. मशीन बंदच. हल्ली नुसतीच बसते.

५ सप्टेंबर, शनिवार

पहिलं शोरूम पाहिलं. निळे, नारिंगी, हिरवे ट्रॅक्टर ओळीने उभे, पुसून चकाचक. चिखल कशाशी खातात हे त्यांना माहीत नाही, आणि विकणाऱ्यालाही नाही. पण बोलायला गोड. गवत कापायचं, थोडी नांगरट, कधीमधी ट्रॉली – "काका, वीस एचपीत तुमचं आरामात भागतं." मी रुंदी विचारली. झाडांमधलं अंतर दोरीने मोजून, दोरीच घेऊन गेलो होतो. तिथल्या तिथे लावून बघितली. बसत होता! आमची जमीन उताराची, ओली झाली की चाक घसरतं, म्हणून चारही चाकं ओढणारा हवा. तोही होता. सगळं मनासारखं चाललं होतं.

मग वर चढून बसलो. पाय क्लचला पोचेना. "थांबा काका, सीट पुढे घेतो," म्हणून त्याने खालचा खटका ओढला आणि खर्रकन मला पुढे सरकवलं. झालं!

मी उतरलो आणि सरळ बाहेर पडलो. दोरी तिथेच राहिली. तो मागून विचारत होता, काका, काय झालं? काय सांगणार त्याला.

६ सप्टेंबर, रविवार

इथे तरी खरं लिहावं.

शेडमधल्या ट्रॅक्टरची सीट मागे सरकवलेली आहे. लंब्याच्या मापाने. आमच्या घरात सहा फुटांचा तो एकटाच. ही आणि मी दोघंही बुटके. लोक विचारायचे, हा कुणावर गेला? "मामावर," ही म्हणायची. "आणि मामा शिडीवर," लंब्या म्हणायचा. त्यानेच घेतलेला हा ट्रॅक्टर, गावभर भाड्याने चालवायचा. मागच्या थंडीत एका संध्याकाळी काम आटपून आला, ट्रॅक्टर शेडमध्ये लावला, म्हणाला, "बाबा, अंग कसकसतंय. मी जेवत नाही." साधा ताप असेल, म्हणालो आम्ही. डॉक्टरही आधी तेच म्हणाले. मग तो छातीत उतरला. आठवडासुद्धा काढला नाही पोराने.

तेव्हापासून सीट आहे तिथे आहे. कपडे लेकीने देऊन टाकले, चपला कुणी नेल्या ते कळलंही नाही. त्याचे पाय किती लांब होते हे सांगणारी ही एवढीच एक गोष्ट घरात उरली. तो ट्रॅक्टर मी चालवायचा म्हणजे सीट पुढे घ्यावी लागणार. ती मी घेणार नाही. कुणाला घेऊही देणार नाही! म्हणून छोटा ट्रॅक्टर. फांद्याबिंद्या सगळ्या थापा.

१० सप्टेंबर, गुरुवार

सकाळी मेकॅनिक दारात. मी बोलावला नव्हता – हिने बोलावला! "नवीन घेण्याआधी जुन्याला काय झालंय ते तर बघू दे."

त्याने बॉनेट उघडलं, ऑइल बघितलं, पट्टा दाबून बघितला. "काही झालेलं नाही. इंजिन ठणठणीत आहे. बॅटरी तेवढी उतरलीय. नवी टाकली की उद्या शेतात." आणि वर चढायला पाय उचलला.

मी ओरडलो. "सीटला हात लावायचा नाही! काय बघायचं ते खाली उभा राहून बघ!"

बिचारा एक पाय हवेत धरून तसाच उभा. एवढी जुनी ओळख, कधी आवाज चढवून बोललो नव्हतो. ही दारात उभी होती, सगळं बघितलं आणि आत गेली. चहा त्याला तिनेच दिला. मी तोंड दाखवलं नाही.

जेवताना म्हणाली, "घरात ट्रॅक्टर असताना दुसरा कशाला? तोच चालवा की."

तोच चालवा की! जसा काही भाजी आणायची पिशवीच आहे, ही नाहीतर ती.

११ सप्टेंबर, शुक्रवार

बोलणं बंद. आमटीत मीठ नव्हतं, तेही सांगितलं नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

दुसऱ्या शोरूममधला चोवीस एचपीचा आवडला. अंगाने अरुंद, जागच्या जागी वळतो, गवत कापायचं यंत्र मागे जोडून मिळतं. सीटही पुढेच होती, हलवावी लागली नाही. मालक म्हणाला, जुना द्या, नवा घेऊन जा. जुना द्यायचा नाही म्हटलं. "मग दोन ट्रॅक्टर ठेवणार कुठे?" त्याचंही खरं. आमच्या शेडमध्ये दोन मावत नाहीत. एक बाहेर पावसात राहणार, आणि तो कुठला ते मला आत्ताच माहीत आहे. नवा.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "आणि तो तसाच उभा ठेवून गंजवणार? त्याला गंज खपायचा नाही."

तिने त्याचं नाव काढलं नाही. 'त्याला' म्हणाली. माझा तोल गेला. म्हणालो, "तुला काय त्याचं! तुझ्या डोळ्यातून एक टिपूस तरी आलंय का इतक्या महिन्यांत?"

ही हातातला टॉवेल घडी घालत राहिली. घडी झाल्यावर म्हणाली, "शिलाई मशीनचं तेल संपलंय. बाहेर गेलात की आणा."

एवढं बोललो त्यावर हे उत्तर! मशीनवर धूळ साचलीय. शिवत नाही, टिपत नाही, तेल कशाला हवं हिला? दगड आहे. माझ्या घरात दगड आहे.

१४ सप्टेंबर, सोमवार

तेल आणलं. तिच्यासमोर आपटलं.

१७ सप्टेंबर, गुरुवार

शोरूमला फोन केला – जुना देतो, माणूस पाठवा बघायला. रागात केला. पण शब्द गेला तो गेला. सोमवारी येणार. हिला सांगितलं. "बरं," म्हणाली. नुसतं बरं!

मग शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. हात लावला नाही. उंदराने सीटचा एक कोपरा कुरतडलाय, आतला स्पंज दिसतो. "अरे लंब्या, हे बघ," असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. उघडलं ते तसंच राहिलं.

१९ सप्टेंबर, शनिवार

फोन करून नको म्हणून सांगावं. सांगत नाही. अडलोय माझ्याच तोंडाने.

२१ सप्टेंबर, सोमवार

शोरूमचा माणूस आला. ठेंगणा, माझ्याहून दोन बोटं कमीच. टायर बघितले, बॉनेट उघडलं, मग टुणकन वर चढला आणि मी "अहो" म्हणेपर्यंत खटका ओढून सीट पुढे घेतलीसुद्धा.

"वा! लोण्यासारखी सरकते. उभ्या गाडीची जाम होऊन बसते हो. तेलपाणी चांगलं ठेवलंय तुम्ही."

मी कुठे ठेवलंय! पण ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. उतरा म्हटलं त्याला. हाताला धरूनच उतरवलं. सीट मागे ढकलली, पार शेवटपर्यंत. आणि बघतो तर हे तसं नाही! इतकी मागे नव्हती. एक खाच पुढे घेतली. की दोन होती? परत मागे. परत पुढे. इतके महिने कुत्र्यासारखी राखण केली आणि एकदाही नीट बघितलं नाही, कितव्या खाचेवर आहे! अडाण्यासारखा ओढत राहिलो. गेली, गेली, लंब्याची जागा गेली – असं मोठ्याने म्हणत होतो म्हणे. त्या परक्या माणसासमोर रडलो.

ही स्वयंपाकघरातून आली. ओले हात पुसले. मला जरा बाजूला केलं, वाकली, खटका ओढला, सीट सरकवली. खट्ट.

"मागून दुसरी," म्हणाली.

खाली बघितलंसुद्धा नाही तिने. होती तशी झाली. अगदी तशी.

मग त्या माणसाला म्हणाली, "दादा, तुम्ही जा आता. आमचं ठरलं की कळवू."

मी पायरीवर बसून राहिलो. हिला कसं माहीत?

२२ सप्टेंबर, मंगळवार

विचारलं.

"तुम्ही बाहेर गेलात की बसते तिथे. पाय पोचत नाहीत म्हणून पुढे ओढते. उठताना परत मागून दुसरीवर ठेवते. तुम्ही बघता ना रोज, म्हणून."

तेल त्यासाठी. खटका कुरकुरला तर मला शेतात ऐकू येईल म्हणून.

तिथे बसून काय करतेस, विचारलं.

"रडते. घरात तुम्ही असता."

शोरूमला नको म्हणून कळवलं. मेकॅनिकला फोन केला, बॅटरी घेऊन ये. आणि या वेळी वर चढून बस.