तोएलुपेची चटई

सवाई बेट,
गुरुवार, ३ नोव्हेंबर

प्रिय एटुआती,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. तिकडे सगळे खुशाल असाल असं धरून चालतो, कारण नसता तर पेपेला माझ्याआधी कळलं असतं. आम्ही बरे आहोत. माझा डावा गुडघा दुखतो. छपराचा एक पत्रा वाजतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. फेरीबोट मध्ये दोन दिवस बंद होती, आता सुरू आहे, पण तिच्या इंजिनाचा आवाज मला ठीक वाटत नाही.

तू पाठवलेली डबाबंद मांसाची पेटी मिळाली. एक डबा चेपलेला होता. चेपलेल्या डब्यातलं खाऊ नये म्हणतात. पेपेने खाल्लं आणि मी दोन दिवस तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "मेले तर पाद्रीबुवांना सांगा, मांसाने नाही, नवऱ्याच्या नजरेने मेली."

निमंत्रणाचं कार्डही मिळालं. पेपेने मोठ्याने वाचलं. कायद्याचे प्राध्यापक, मग अधिष्ठाता, मग कुलसचिव, मग उपकुलगुरू, आणि आता पंचवीस तारखेला, शुक्रवारी, निरोपाचं व्याख्यान. शेजारच्या घरातून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आपल्या घरांना भिंती नाहीत हे तू आपियात राहून विसरला असशील. म्हणूनच मी फोनवर नीट बोलत नाही. अर्ध्या गावाला ऐकू जातं.

रविवारी चर्चनंतर लोक परत तेच म्हणाले, की फिलेमोनीने शाळा सोडली म्हणून धाकट्याला शिकता आलं. मी नेहमीसारखा गप्प बसलो. खरी गोष्ट तुला माहीत आहे. मला वाचता येत नव्हतं, मास्तर मारायचे, म्हणून मी चौथीतून पळालो. नीट लिहा-वाचायला पेपेने शिकवलं, ते खूप नंतर. तुझा त्यात काही संबंध नव्हता. पण लोकांनी चांगलं काही म्हटलं की मला खोडता येत नाही. हा माझा जुना रोग आहे.

एक विनंती होती. व्याख्यानात तू तोएलुपेची गोष्ट सांगणार असं कार्डावर लिहिलं आहे. दुसरं काही सांग ना. तुला एवढे कायदे माहीत आहेत. मासेमारीचा सांग, जमिनीचा सांग. तोएलुपे मरून किती वर्षं झाली.

तब्येतीला जप. फेरीबोटीवरच्या लेउलूच्या हाती पत्र देतोय. तो विसरभोळा आहे.

फिलेमोनी


सवाई बेट,
मंगळवार, १५ नोव्हेंबर

प्रिय एटुआती,

आशीर्वाद. परवा तुझा फोन आला तेव्हा मी "आवाज येत नाही" म्हणून ठेवून दिला. आवाज येत होता. तू विचारलंस, "दादा, तोएलुपेची गोष्ट का नको?" आणि मग म्हणालास, की तू त्याच्या मुलीला शोधून काढलंस. फेतुआओ. ऑकलंडहून परतली, आपियाच्या इस्पितळात परिचारिका आहे, आणि तू तिला पहिल्या रांगेत बसवणार आहेस. "गावाने तिच्या बापाला बाहेर काढलं, पण त्याचं म्हणणं ऐकून काढलं, हे तिच्यासमोर मानाने सांगायचं आहे," असं म्हणालास.

ती काय म्हणाली, असं मला विचारायचं होतं. ते शेजारून पेपेने विचारलं. तू म्हणालास, "काही नाही. फक्त येईन म्हणाली." त्यावर मी फोन ठेवला.

तेव्हापासून माझी झोप गेली आहे.

इथे घरासमोर गवत कापतो ना मी, त्यात एक तुकडा सोडतो. फणसाच्या झाडापासून समुद्राकडे दहा पावलांवर. आजवर पेपेला सांगत आलो की तिथे दगड आहेत, कोयता बोथट होतो. ती म्हणते, "अर्धी दाढी केल्यासारखं दिसतं अंगण. पाहुणे हसतात." काल ती स्वतः कोयता घेऊन गेली. मी तिच्यावर ओरडलो. एवढ्या वर्षांत मी तिच्यावर ओरडलो नव्हतो. तिने कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, "दगड तर एकही नाही इथे."

पहाटे उठलो की आधी तिकडेच नजर जाते. रोज नाही, पण बऱ्याचदा तिथे काहीतरी बसलेलं असतं. वाकलेलं, वरून झाकलेलं. उजाडलं की गवतच असतं. आपला कुत्रा समुद्राकडे जाताना तेवढा तुकडा वळसा घालून जातो. तो कुत्रा चार वर्षांचा आहे. त्याला कोणी सांगितलं?

मला भीती वाटते, एटुआती. या वयात मरणाची वाटायला हवी. मला त्या शुक्रवारची वाटते.

पुढचं मी एकदम लिहू शकत नाही. गुडघाही दुखतोय.

फिलेमोनी


सवाई बेट,
सोमवार, २१ नोव्हेंबर

एटुआती,

हे पत्र एकटा असताना वाच. बायकोलाही नंतर सांग.

तू तेव्हा न्यूझीलंडमध्ये शिकत होतास. तोएलुपेने जमिनीच्या भांडणात पंचांना न विचारता आपल्या बाबांविरुद्ध आपियाच्या कोर्टात अर्ज केला होता. गाव चिडलं होतं. मग त्याला कोणीतरी समजावलं असेल, किंवा त्याचं त्यालाच वाटलं असेल. तो इफोगाला आला. माफीला.

त्याने दिवस निवडला तोही असा, की सगळं गाव पलीकडच्या गावी नव्या चर्चच्या समारंभाला गेलेलं. बाबा तापाने पडून होते आणि त्यांच्यापाशी मी. उजाडता उजाडता तो आला आणि फणसाच्या झाडापलीकडे, डोक्यावर बारीक विणीची चटई घेऊन, मान खाली घालून बसला. त्याच्याबरोबर त्याची मुलगी होती, सात वर्षांची. तीही चटईखाली. आई नव्हती तिला, घरी कोणापाशी ठेवणार?

तुला नियम सांगायला नको, तूच तो शिकवतोस. ज्याचा अपराध केला त्याच्या घरच्याने जाऊन चटई उचलायची. उचलली की माणूस आत येतो, बोलतो, त्याचं ऐकतात. तोवर त्याने हलायचं नाही, बोलायचं नाही.

बाबांनी डोळे उघडून पाहिलं आणि म्हणाले, "जा, उचल. मी माफ केलं."

मी उठलो आणि झाडापर्यंत गेलो.

तिथे थांबलो. का, ते लिहायची लाज वाटते. तीन रविवारांपूर्वी पाद्रीबुवांनी मला चर्चमध्ये धडा वाचायला उभं केलं होतं. मी अडखळलो. एकच ओळ तीनदा वाचली. मागून तोएलुपे हसला. मोठ्याने नाही. नाकातून. सगळ्यांना ऐकू गेलं.

मी मनात म्हटलं, बसू दे थोडा वेळ. मला उभं केलं होतं, आता तू बस.

थोड्या वेळाचा बराच वेळ झाला. ऊन चढलं. चटईखालून मुलगी काहीतरी विचारत होती, तो तिला गप्प करत होता. जितका उशीर होत गेला तितकं पुढे जाणं अवघड झालं, कारण गेलो असतो तर इतका वेळ कुठे होतास याचं उत्तर द्यावं लागलं असतं. तेवढ्यात चटईची कड उचलली गेली आणि मुलीने बाहेर पाहिलं. मला पाहिलं. झाडाला टेकून उभा असलेला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग कड खाली गेली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो स्वतःच उठला. चटईची घडी घातली, मुलीचा हात धरला आणि गेला. वळून पाहिलं नाही.

मी आत आलो. बाबांनी विचारलं, "उचललीस?"

"उचलली."

"काय म्हणाला?"

आणि मी म्हणालो, "माफी नाही मागत म्हणाला. कोर्टात भेटू म्हणाला."

बाबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मग माझ्या हातात काही राहिलं नाही." संध्याकाळी गाव परतलं, पंच बसले. त्याची डुकरं मारली, घर जाळलं. ते दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीवर चढले. तिसऱ्या वर्षी तो आपियाच्या धक्क्यावर ओझी वाहताना गेला. बाबा माझ्यावर विश्वास ठेवून मेले.

तीन वर्षांनी तू सुट्टीत आलास, वही घेऊन. गावाच्या न्यायावर प्रबंध लिहीत होतास. त्याच झाडाखाली बसून विचारलंस, "दादा, चटई उचलली होती?" मी म्हणालो, "उचलली." "कोणी?" "मी." तू लिहून घेतलंस. तुझा चेहरा केवढा उजळला होता. तू म्हणालास, "बघ दादा, गोरे म्हणतात आपला न्याय आंधळा असतो. पण आपण आधी ऐकतो." तेव्हा सांगायला हवं होतं. पण मी शिकलेल्या माणसाला काहीतरी देतोय, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

त्यावर तुझं पुस्तक झालं. नोकरी झाली. दरवर्षी पहिल्या तासाला तू फळ्यावर तेच लिहितोस म्हणे, "चटई उचलली होती का?" कुलसचिव झालास तेव्हा विद्यापीठाला नियम करून दिलास, की कोणालाही ऐकून घेतल्याशिवाय काढायचं नाही. परीक्षेत कागद सापडलेला तो मुलगा, ज्याला सगळे हाकला म्हणत होते आणि तू म्हणालास आधी चटई उचला, तो आज न्यायाधीश आहे. हे तूच ख्रिसमसला सांगितलं होतंस. सगळे वाहवा म्हणत होते आणि मी उठून अंगणात गेलो होतो.

आता ही काळजी आहे की गोष्ट खोटी ठरली तर तुझा नियमही खोटा ठरेल का? मला कायदा कळत नाही. मला वाटतं ठरू नये. तो नियम असता तर तोएलुपे वाचला असता. पण हे तू ठरव, मी आजवर तुझ्यासाठी बरंच ठरवून ठेवलं.

एकच मागतो. शुक्रवारी तिच्यासमोर तो प्रश्न विचारू नकोस. उत्तर डोळ्यांनी पाहिलेली दोनच माणसं उरली आहेत. एक पहिल्या रांगेत असेल.

दुसरा काय करणार ते सांगतो. गुरुवारच्या फेरीबोटीने येतो. तुझ्याकडे उतरणार नाही, पेपेच्या भाचीकडे उतरेन. पेपेला काल सगळं सांगितलं. तिने उठून पेटीतून आईची चटई काढून उन्हात टाकली, माझ्या मरणासाठी ठेवलेली. संध्याकाळी घडी घालताना म्हणाली, "दोन तास बसलं की तुमचे पाय बधिर होतात. काय करणार?" मी म्हटलं, होऊ देत. मग म्हणाली, "मी चटईखाली बरोबर बसते." मी नको म्हटलं. त्या दिवशी एक जास्तीचं माणूस बसलं होतं, तेवढं पुरे.

शुक्रवारी उजाडता फेतुआओच्या दारासमोर बसेन. तिला कामावर जायचं असेल तर ती माझ्यावरून जाऊ दे. ती कुठल्या झाडाआड थांबून बघत राहिली, तरी तिचा तो हक्क आहे. तुझं व्याख्यान संध्याकाळी आहे. तोवर चटई उचलली गेली तर मी येऊन शेवटच्या रांगेत बसेन आणि तू मला पाहशील. दिसलो नाही तर मी अजून तिथेच आहे असं समज.

तू मात्र येऊ नकोस. तुला वाटेल म्हातारा उन्हात बसलाय, दादा आहे. तरी येऊ नकोस. माझी चटई तू उचलायची नाहीस, हा तुझाच धडा आहे.

अंगणातला तो तुकडा आज सकाळी मी कापला. खाली दगड एकही नव्हता.

ज्याला चटई उचलायला पाठवलं होतं, तो तुझा भाऊ,
फिलेमोनी