सोहारची लीना

अल हैल, मस्कत
५ जानेवारी २०२५

आ. रेखाताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला हे फोनवर लिहायचं नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. आमच्या घरातले फोन, टॅब, रचनाचा शाळेचा संगणक सगळे एकमेकांना जोडलेले. मी एक ओळ लिहिली तर ती कुणाच्या पडद्यावर उगवेल, सांगता येत नाही. शेजारच्या सेलिनचा नवरा बेसिल उद्या वसईला निघालाय, तो तिकडून पोस्टात टाकेल.

गोष्ट अशी. अनुप आठवडाभर सोहारला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये असतो आणि गुरुवारी संध्याकाळी इकडे येतो. रचनाची शाळा इथे, म्हणून ही विभागणी. परवा शुक्रवारी तो अंघोळीला गेला होता, फोन ओट्यावर होता आणि मी पोहे परतत होते. फोन उजळला. वर चांगलं देवनागरीत नाव, लीना. खाली इंग्रजीत विचारलेलं, पोचलात का, जेवलात का.

ताई, मी संशयी बाई नाही. (हसू नकोस.) पण हे नाव आपल्याला नवं आहे का? अनुपच्या कॉलेजातली लीना ढाबरे, जिच्याशीच लग्न करीन म्हणून तो घरी वर्षभर अडून बसला होता, ती आपल्याला माझा साखरपुडा झाल्यावर कळली. इतक्या वर्षांत मी ते नाव एकदाही काढलं नाही. आता ते माझ्याच ओट्यावर उजळतंय.

पोहे वाढताना सहज विचारल्यासारखं विचारलं की ही लीना कोण. म्हणाला, ऑफिसातली आहे, चिनी आहे. आणि लिंबू मागितलं. चीनमध्ये मुलींची नावं लीना ठेवतात, हे लिंबू पिळता पिळता सांगणारा माणूस मला काय समजतो? कुठेतरी पाणी मुरतंय. मला रात्रंदिवस तेच दिसतंय आणि मी खरंच घाबरले आहे. काय करू ते कळव.

तुझी गोळी वेळेवर घे. भाऊजींना जयभीम. लोभ आहेच, तो या अडचणीत जरा जास्त असू दे.

तुझी,
रश्मी


नागपूर
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. रश्मीस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग भाऊजींपासून लपवून कपाटात ठेवलं. मी इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि परीक्षेत कॉप्या पकडल्या. माझा अनुभव ऐक. साधं खोटं बोलणारा मुलगा लगेच सापडतो. पक्का मुलगा असं काही चमत्कारिक सांगतो की विचारणाऱ्यालाच वाटावं, एवढं विचित्र कोण रचून सांगेल? चिनी लीना हे त्या जातीचं आहे. जावईबापू हुशार आहेत, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणते.

रडायचं नाही, भांडायचं नाही. फोटो माग. सहज म्हणून माग, तुमचं नवीन मशीन बघायचंय म्हणून. फोटोत बाई दिसेलच. आणि ती ढाबऱ्यांची लीना सध्या कुठे असते, ते मी बघते. अमरावतीला माझ्या दोन विद्यार्थिनी आहेत.

एक स्पष्ट सांगते. यात तथ्य निघालं तर रचनाची मार्चची परीक्षा होऊ दे आणि तिला घेऊन सरळ इकडे ये. वरची खोली रंगवून घेतली आहे. शाळा चौकातच आहे, मी बोलून ठेवते. एकटी पडलीस असं समजू नकोस.

थंडी मरणाची आहे. तुमच्याकडे ती कुठली! रचनाला गोड पापा. पत्राची वाट पाहते, उशीर झाला तर मी भलतंच काही समजेन.

तुझी,
ताई


अल हैल
२६ जानेवारी २०२५

आ. रेखाताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

फोटो मागितला. अनुपने लगेच दाखवला. इतका लगेच, की मला तेही आवडलं नाही. हेल्मेट घातलेली दहाबारा माणसं मशीनसमोर उभी, त्यात एक चष्मेवाली किडकिडीत मुलगी. ही लीना, दुभाषी आहे, म्हणाला. सोहारच्या वसाहतीत त्यांच्या कारखान्याने नवीन मशीन घेतलंय, ते बसवायला चीनहून तुकडी आली आहे, हे खरं आहे. मी जरा सैल झाले.

पण दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, फोन पुन्हा उजळला आणि नाव काय, तर लीना २! एक पुरली नाही म्हणून की काय! या वेळी मी आडून विचारलं नाही. त्याने दुसरा फोटो काढला. पांढऱ्या केसांची, बॉबकट केलेली बाई, चेहरा असा की वर्ग चिडीचूप व्हावा. ही पण लीना म्हणे, सुरक्षिततेची तपासणी करते. चिन्यांत आडनाव आधी येतं. दोघींचं आडनाव ली आणि नाव नुसतं ना. त्याने मराठीत जोडून लिहिलं, एवढंच. कारखान्यातला ओमानी सुपरवायझर कासम यल्ला लीना, म्हणजे चल लीना, म्हणून ओरडतो तेव्हा दोघी वळतात, हे सांगून तो स्वतःच हसला. मी नाही हसले.

रचना टॅब घेऊन तिथेच होती. तिचं मराठी तुला माहीत आहे. म्हणाली, आई, ली ना खूप आहे. आणि पानच्या पान वाचून दाखवलं. एक ली ना टेनिसची मोठी खेळाडू. एक गायिका, ती गाणं सोडून बौद्ध भिक्खुणी झाली. एक सायकलवाली, एक पाण्यात सूर मारणारी, एक तलवारबाज. सगळ्या नामांकित, सगळ्यांचं एकच नाव. भिक्खुणीचं ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या पानावरून चीनमध्ये लीना असतात एवढंच ठरतं. माझ्या नवऱ्याला जेवलात का विचारणारी कोण, ते त्यावर कुठे लिहिलंय? आणि रचना बापाच्या मदतीला एवढ्या चटकन कशी धावली? तिला आधीच माहीत होतं का? बघ, आता पोरीकडेही मी तशा नजरेने बघते. माझी मलाच लाज वाटते.

शुक्रवारी सोहारला चिनी नववर्षाचं जेवण आहे. घरच्यांना घेऊन या असं सांगितलंय म्हणे. याआधी कधी बोलावलं नव्हतं. सेलिन म्हणते, जा, मी पण येते, बेसिल वसईहून परतलाय, तो तिथल्याच हॉटेलात नोकरीला आहे. बहुतेक जाईन. उत्तराची वाट पाहायला वेळ नाही, मनातल्या मनात आशीर्वाद दे.

तुझी,
रश्मी


नागपूर
५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रश्मीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

एका नावाची अनेक माणसं असतात, हे मला रचनाने शिकवायची गरज नाही. चीनचाच दाखला घे. बावीसशे वर्षांपूर्वी तिथे हान घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या पदरी हान शिन नावाचे दोन सरदार होते. एकाच वेळी, एकाच नावाचे, दोघेही मोठे. त्यातला एक सीमेवर राहून शत्रूला जाऊन मिळाला. दुसऱ्या, थोर सेनापतीवरही फितुरीचा आळ आला आणि त्याला ठार केलं. दोघांचा शेवट एकाच वर्षी. तर सांगायचं काय, दोघी आहेत म्हणून दोघी निर्दोष असं होत नाही. दोघांतला एक खरोखर फितूर होता, हे विसरू नकोस.

आता मुख्य बातमी. तुझी लीना ढाबरे सापडली. लग्न होऊन वर्ध्याला असते, विम्याच्या ऑफिसात आहे. मी रविवार सोडून मुद्दाम मधल्या वारी गेले, म्हणजे ती घरी नसेल. सासूबाई भेटल्या. बाई चांगली आहे, चहा केला. मी काही आरोप केला नाही. फक्त विचारलं की सूनबाई परदेशी वगैरे जातात का, मस्कतला कधी गेल्या होत्या का. का म्हणून विचारलं तेव्हा थोडं सांगावंच लागलं, माझ्या बहिणीच्या घरी या नावाचा फोन येतो आणि जावयाची जुनी ओळख आहे, एवढंच. काही कळलं तर कळवा म्हणून तुझा पत्ता कागदावर लिहून दिला. त्यांचा चहा तसाच कपात राहिला. शेवटी म्हणाल्या की नोव्हेंबरात सून ट्रेनिंग म्हणून आठ दिवस मुंबईला होती. मुंबईहून मस्कतला विमानाने जायला वेळ किती लागतो, तूच सांग!

अजून थोडं खणते. धीर धर, आणि माझ्यावर विश्वास असू दे.

तुझी,
ताई


अल हैल
७ फेब्रुवारी २०२५

आ. रेखाताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र अजून आलं नाही, पण मला थांबवत नाही. मी सोहारला गेले होते. दोन्ही लीना पाहिल्या. दोन्ही चिनी आहेत!

आत शिरल्या शिरल्या चष्मेवाली धावत आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो जेवलात का. भर जेवणाच्या पंगतीत! मी अनुपकडे बघितलं, तो म्हणाला, त्यांच्यात जुन्या माणसांची ती ख्यालीखुशाली विचारायची पद्धत आहे, ही आजीकडे वाढली म्हणून तिला सवय आहे. आपल्या आईची नव्हती का? दारात आलेल्या माणसाला ती दुसरं काय विचारायची! मी मुलीला तिचं नाव विचारलं. तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, ना. मला वाटलं सांगत नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा ना. सेलिनला ठसका लागला. मग थोरल्या बाईने कागदी रुमालावर दोघींची नावं चिनीत लिहून दाखवली. रेघ न् रेघ सारखी. बाई कडक आहे, अनुपला सगळ्यांसमोर हेल्मेटवरून बोलली. मला तिचा फार आधार वाटला.

परतताना गाडीत मी रडले आणि सगळं सांगून टाकलं, ढाबऱ्यांच्या लीनापासून. अनुपने गाडी कडेला घेतली. मग म्हणाला की तू ते नाव घेऊन सरळ विचारायला हवं होतंस. खरंच विचारायला हवं होतं. मी मूर्खपणा केला आणि आता इतकं हलकं वाटतंय की काय सांगू.

तेव्हा वरची खोली भाड्याने द्यायला हरकत नाही. रचना इथेच शिकेल. आणि ताई, त्या बिचाऱ्या लीनाचा शोध घेत असशील तर थांबव. तिचा याच्याशी काही संबंध नाही.

उन्हाळ्यात येतो. पुरणपोळ्या तुझ्या हातच्या. लोभ वाढू दे.

तुझी,
रश्मी


सोहार
१९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय रेखाताई यांस,
सविनय जयभीम.

तुमचं पाच तारखेचं पत्र रश्मीने मला वाचायला दिलं. ती लिहू शकत नाही, म्हणून मी लिहितो. तुम्ही मोठ्या आहात, रागाने काही लिहिलं गेलं तर क्षमा करावी.

हान शिनची गोष्ट मी वाचली. जो शत्रूला मिळाला, तो युद्धात मेला. पण दुसऱ्याने खरोखर कट केला होता का, यावर अजून वाद आहेत, हे तुम्ही वर्गात नक्की शिकवलं असेल. मग पत्रात ते का गाळलंत?

लीनाबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, रश्मीलाही मी आत्ताच सांगितली. मी घरी अडून बसलो होतो हे खरं. शेवटी घरचे तयार झाले. तेव्हा नाही म्हणाली ती लीना. तिला मी नको होतो. त्यानंतर आमची गाठ नाही, फोन नाही. तिच्या घरी मी परपुरुष म्हणूनही शिल्लक नव्हतो. तुम्ही मला तिथे नेऊन बसवलंत.

एकच विनंती. वर्ध्याला पुन्हा जा आणि झालेला गैरसमज त्यांच्या कानावर घाला. इन्शाल्ला सगळं मिटेल. तब्येतीला जपा, आमच्यावरचा जिव्हाळा कमी करू नका.

आपला,
अनुप


वर्धा
१२ मार्च २०२५

सौ. रश्मी यांस,
जयभीम.

आपली ओळख नाही. तुमचा पत्ता आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे, त्यावरून लिहिते. तो सासूबाईंनी लावला. पाणी प्यायला गेलं की दिसतो.

तुमच्या ताई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी मी घरी होते. ती लीना चिनी निघाली, असं त्यांनी सांगितलं, माझे हात धरले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा त्यांच्यावर विश्वास बसला. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. ताई गेल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं की काहीच नव्हतं तर ही बाई नागपूरहून सारवासारव करायला पुन्हा कशाला आली, आणि चिनी बाईची गोष्ट तिला कुणी शिकवून पाठवली.

नवरा भला आहे. भांडला नाही. एकदाच विचारलं की कॉलेजात कुणी होतं हे कधी बोलली नाहीस. मी म्हटलं, मी नाही म्हटलेल्या माणसाचं काय सांगायचं? त्याने मान हलवली. तेव्हापासून जेवण झालं की तो फोनसाठी हात पुढे करतो आणि मी देते. पुढच्या महिन्यात मुंबईला बढतीचं ट्रेनिंग होतं. ते मी नाकारलं.

तुमच्या नवऱ्याने किंवा तुम्ही आता कुणालाही काही लिहू नका. प्रत्येक खुलाशाने इथे एक प्रश्न वाढतो. तुमचं घर सावरलं, याचं मला खरंच बरं वाटलं. तुम्हाला दोन लीना डोळ्यांनी बघायला मिळाल्या. इथे दाखवायला माझ्याकडे कुणी नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा अशी विनंती करतात. माझी विनंती आहे की नसावा. खाली नाव लिहीत नाही. ते तुम्हा लोकांना पाठ आहे.