शेजारच्या सीटवर

भाईंदर पश्चिम,
१८ जानेवारी २००५

ति. उर्मिलाताईंना समिधाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोहोचलं, कुळथाची पिठीही मिळाली. मिनलला सर्दी झालीय, शाळेत पाठवली नाही, बाकी ठीक. तुमच्याकडे रत्नागिरीत थंडी आहे म्हणता, इथे तिचा पत्ता नाही.

तुम्ही लिहिलंत, मी गाडीत एकटी होते असं पोलिसांना सांगावं. बाईमाणसाला दम देऊन सोडतात, तुमच्या भावाची मात्र कंपनीतली ड्रायव्हरची नोकरी जाईल. ते वाचून जेवण गेलं नाही. यांनी तुम्हाला काय सांगितलंय कुणास ठाऊक, म्हणून घडलं तसं लिहिते.

केबिन रोडच्या ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही ब्रेक असतो. मी चुकले की ते दाबायचे, आणि मला वाटायचं आपल्याला छान जमतंय. यांनाही तेच वाटलं. नऊ तारखेला, रविवारी, शेजाऱ्यांची गाडी मागून आणली, मला चालवायला बसवलं आणि उत्तनच्या रस्त्याला घेतली. हे शेजारच्या सीटवर.

मोरवा गावाच्या पुढे आमच्यासमोर पाण्याचा टँकर हळूहळू चालला होता. वळण होतं, समोरचं काही दिसत नव्हतं. मास्तर सांगायचे, पुढचा रस्ता दिसत नसेल तर मागेच राहायचं, आणि पुढे काढलीच तर आरशात मागे टाकलेल्या गाडीचं अख्खं तोंड दिसेपर्यंत डावीकडे यायचं नाही. मी मागेच राहिले. हे म्हणाले, "हॉर्न दे आणि काढ. टँकरच्या मागे सडणारेस काय दिवसभर?"

मी काढली. पाय माझाच होता, ते मी नाकारत नाही.

समोरून मोटारसायकल आली. टँकर अजून बाजूलाच, मला आत येता येईना. हे पायाखालची चटई दाबत होते, तिथे ब्रेक कुठला? तो मुलगा आम्हाला चुकवायला खड्ड्यात गेला. लॉयड नाव त्याचं, उत्तनचा, मासेमारीच्या बोटीवर जातो. मांडीचं हाड मोडलंय.

आणि ताई, लोक जमायच्या आत तुमचा भाऊ उतरला, रिक्षात बसला आणि घरी गेला. मी त्या पोराचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यावर बसले होते. संध्याकाळी घरी आले तर हे तळलेले बोंबील खात होते. मला म्हणाले, "थोडा भात वाढ." माझी साडी रक्ताने भरलेली. मला शिसारी आली. अजून येते, यांचा हात ताटात गेला की येते.

काल दवाखान्यात लॉयडच्या आईने विचारलं, "बाय, गाडीत तू येकटीच व्हतीस?" मला खोटं बोलवेना.

आज सकाळी पोलिसांनाही खरं लिहून दिलं. चालवत मी होते, हे शेजारी होते, आणि हे पळाले. माझं काय व्हायचं ते होवो. हे पत्र पोस्टात टाकण्याआधी यांना वाचायला देणार आहे.

माझ्या नावापुढे यांचं नाव आज लिहवत नाही.

नुसतीच,
समिधा