घरच्या बाईचा होकार

राजाजीनगर, बेंगळूर
१४ मे १९६७

ती. गं. भा. अक्कांस,
प्रेमाचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आपण दोघी माडीवर सांडगे घालत होतो आणि हे कठड्यापाशी उभे राहून भाषणाची तालीम करत होते, ते तुम्हाला आठवतं का? तुम्ही त्यांना म्हणालात, गुंडो, ऐकायला आम्ही दोघी आणि हे कावळे, तर निदान कावळे उडतील एवढ्या मोठ्यानं बोल. ते खरंच तसे बोलले आणि कावळे उडाले. परवा दुपारी उगाच ते आठवलं आणि मला हसू आलं. बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं, म्हणून कळवते.

इकडची बातमी अशी, की प्रदेश पक्षाच्या अध्यक्षपदासाठी यांचं नाव निघालं आहे. हयवदनराव आले होते. हिंडलग्याच्या तुरुंगात यांच्या शेजारच्या कोठडीत होते ते. आले ते नेहमीसारखे चप्पल काढायच्या आधीच कॉफीची चौकशी करत. त्यांच्या गटाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बेचाळीस साली पुरुष आत गेले आणि घरं बायकांनी चालवली, तेव्हापासून कुणाचंही नाव पुढे करायचं तर आधी घरच्या बाईला विचारायचं, माणूस तयार आहे ना. आमदारकीला विचारलं, मंत्री झाले तेव्हा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणाले आणि आत जाऊन शिरा केला. या वेळी मी म्हणाले, थोडा वेळ द्या. हयवदनराव हसले. वहिनी भाव खातात असं त्यांना वाटलं असणार.

अक्का, आता लिहिते ते कुणाला वाचून दाखवू नका. यांचं कन्नड जात चाललं आहे. भाजीवाली गंगव्वा रोज दारात बसते, तिनं वांगी घेणार का म्हणून विचारलं, तर हे तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग आत येऊन मला म्हणाले, ती बाई काहीतरी मागते आहे, बघ जरा. मराठीत काही बिघडलेलं नाही. वर्तमानपत्र वाचतात, पत्त्यांत मला हरवतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. डॉक्टर म्हणाले, डोक्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत आहेत. कधी कधी मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. पुढे काय काय जाईल ते त्यांनाही सांगता येत नाही. आणि यांना स्वतःला यातलं काही जाणवत नाही. कन्नडाला अडले की घसा बसलाय म्हणतात, आणि मीही तेच सगळ्यांना सांगते.

ज्या माणसानं छप्पन्न साली, बेळगावचे आपले सगळे महाराष्ट्रात जाऊ म्हणत असताना, म्हैसूर राज्यातच राहू असं सांगून दगड खाल्ले, त्याला आता त्याच राज्यात पक्षाचा अध्यक्ष करू पाहतात, आणि त्याला भाजीवालीचं बोलणं कळत नाही. मी काय उत्तर देऊ? तुम्ही त्यांना माझ्या आधीपासून ओळखता.

घरातल्या लहानथोरांना यथायोग्य. तुमचा हात माझ्या डोक्यावर आहे तसाच असू द्या.
प्रेमा


बेळगाव
२० मे

चि. सौ. प्रेमास अंबूअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. तुम्हा कॉन्व्हेंटात शिकलेल्या बायकांना प्रत्येक दुखण्याला नाव लागतं बघ. गुंडो लहानपणीसुद्धा बोलता बोलता थांबायचा. बाबा विचारत, जीभ मांजरानं नेली काय रे. आता साठी उलटली, थकला असेल. रोज दोन बदाम उगाळून दे. त्या डॉक्टरला दाखवायचं थांबव, आपोआप बरा होतो की नाही बघ.

तू हो म्हण. का, ते स्पष्ट लिहिते, रागावू नकोस. गुंडोनं छप्पन्न साली जे सांगितलं ते सांगून तो बेंगळुराला गेला. इथं गल्लीत मी राहिले. बारशाला बोलावणं नाही, वास्तुशांतीला नाही. समोरची ठकुबाई, जिच्या तिन्ही बाळंतपणांत मी उशाशी बसले, ती मला बघून दार लावून घेते. फितुराची बहीण म्हणतात मला. आता सीमेचा आयोग बसल्यापासून तर जास्तच. माझा भाऊ अध्यक्ष झाला तर निदान तो उगाच गेला नव्हता एवढं तरी यांना दिसेल. एवढं बघून मी डोळे मिटायला मोकळी.

तो नीट बोलतो की नाही ते तू ठरवू नकोस. एकदा सभेत उभा कर. माईक दिसला की त्याला सगळं आठवतं.

चि. चंद्रकांत कारखान्यातून वेळेवर जेवायला येतो ना? त्याला आणि नातीला आशीर्वाद. वरचेवर लिहीत जा, मला दुसरा पोस्टमन नाही.
अंबूअक्का


बेंगळूर
२ जून

ती. गं. भा. अक्कांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. होसकोट्याला नव्या कारखान्याच्या कामगारांची सभा होती. ती होऊ द्या, मग सांगते, असं हयवदनरावांना कळवलं आणि मी बरोबर गेले. गाडीत मल्लाप्पा ड्रायव्हरशी हे मराठीतच बोलत होते. तो बिचारा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

सुरुवात चांगली झाली, अक्का. बंधू-भगिनींनो म्हणाले, कारखान्याविषयी बोलले, सगळं कन्नडात. माझा जीव थोडा भांड्यात पडला. मग गावाच्या पाण्याचा विषय निघाला आणि मध्येच वाक्य मराठीत गेलं. पुढचंही. पुढचंही. इतकं सुंदर बोलले म्हणून सांगू. तळ्याला बांध घालताना बायकांनी पाट्या कशा वाहिल्या ते सांगत होते, आणि समोर बसलेल्यांत ते कळणारी मी एकटी. लोक आधी एकमेकांकडे बघू लागले. मग मागून एकजण उठून म्हणाला, साहेब, बेळगावची सीमा होसकोट्यापर्यंत आली वाटतं. सगळी सभा हसली. हेही हसले. त्यांना वाटलं, पाट्यांची गोष्ट आवडली. परतताना मला विचारलं, कसं झालं? मी छान झालं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की यांनी बाजू बदलली, आयोगाचा कल पाहून मुद्दाम मराठीत बोलले. हयवदनराव आले तेव्हा त्यांनी कॉफी मागितली नाही. मी खरं काय ते सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तेच म्हणतील, वहिनी, राहू द्या. ते उलट म्हणाले, त्यानं काय बिघडलं? अध्यक्षाला बोलावं लागत नाही. बोलायला आम्ही आहोत. त्यांनी खुर्चीवर बसावं, दाखवू तिथं सही करावी. होसकोट्याचं भाषण सीमेवरच्या मराठी माणसांना जवळ घेण्यासाठी केलं असं आपण सांगू. तुम्ही फक्त आजाराचं कुठं बोलू नका आणि हो म्हणा. मी विचारलं, नाही म्हटलं तर? तर कारण द्यावं लागेल, म्हणाले, आणि पेपरवाले ते आपल्या शब्दांत छापतील.

म्हणजे हो म्हटलं तर यांना बाहुलं करून बसवायचं. नाही म्हटलं तर गावभर वेडा ठरवायचा. चंद्रकांत म्हणतो, आई, ठरव एकदाचं. ठरवायचं कसं? हे रोज सकाळी दाढी करून, अध्यक्षपदासाठी शिवलेला बंद गळ्याचा कोट घालून बाहेरच्या खोलीत बसतात आणि मला विचारतात, हयवदनला हो म्हणालीस ना? त्यांना ते हवं आहे, अक्का. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एवढंच मागतात, आणि तेही माझ्याकडे. देवासमोर बसते तर काय मागायचं ते सुचत नाही.

उत्तर लवकर पाठवा. मायेला अंतर देऊ नका.
प्रेमा


बेळगाव
७ जून

चि. प्रेमास आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच इथं कळलं होतं. ठकुबाई पेढे घेऊन आली. अकरा वर्षांनी माझ्या उंबऱ्याच्या आत आली आणि गळ्यात पडून म्हणाली, अंबू, तुझा भाऊ परत आला गं. मागून गल्लीतल्या चार जणी. मी चहा टाकला. पाटावर बसून त्या गुंडोचं कौतुक करत होत्या आणि मी ऐकत होते. मला बरं वाटलं, प्रेमा. खोटं कशाला लिहू. थोडा वेळ फार बरं वाटलं.

मग तुझं पत्र आलं. त्यांना वाटतं तो आपणहून परत आला, आणि तो तर कुठं चाललाय ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. संध्याकाळी मी ठकुबाईच्या दारात गेले आणि सांगितलं, माझा भाऊ फिरलेला नाही, आजारी आहे. छप्पन्न साली जे बोलला ते शहाणपणानं बोलला होता. या वेळी दार तिनं लावलं नाही, मीच परत फिरले.

मी तुला हो म्हण लिहिलं ते विसरून जा. मला मिरवायचं होतं. तू नाही म्हण. हयवदनला सांग, पाहिजे तर अंबूबाईची सही घेऊन जा. आणि त्याला घेऊन इकडे ये. इथं दूधवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत त्याचं बोलणं लोकांना कळेल. लोक काय म्हणतील ते मी बघते, मला सवय आहे.

कोरड्या डोळ्यांनी ये.
अंबूअक्का


बेंगळूर
१५ जून १९६७

ती. गं. भा. अक्कांस,
सा. न. वि. वि.

सांगून टाकलं. काल हयवदनराव आणि कचेरीचे दोघं आले. हे कोट घालून बसले होते. मला वाटलं होतं, त्यांना आत पाठवून बोलीन. ते उठले नाहीत. माझ्याशेजारची खुर्ची जवळ ओढून घेतली आणि बसले, लग्नाच्या बैठकीत बसतात तसे.

मग मी कन्नडात बोलले. हे आजारी आहेत, अध्यक्षपदाला तयार नाहीत, पुढंही होणार नाहीत, तुम्ही यांचं नाव मागे घ्या. आजाराचं मी स्वतः पेपरला लिहून देते, म्हणजे ते आपल्या शब्दांत छापणार नाहीत. सगळं कन्नडात, त्यांच्या मांडीला मांडी लावून. शाळेत आमच्या सिस्टर सांगत, समोरच्याला कळत नाही त्या भाषेत त्याच्याविषयी बोलू नये, त्याहून मोठी असभ्यता नाही. आणि माझं कन्नड कुणाचं? लग्न होऊन आले तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं. यांनीच रोज संध्याकाळी फिरायला नेऊन, दुकानांच्या पाट्या वाचायला लावून शिकवलं. चुकले की एक शेंगदाणा कमी मिळायचा.

हयवदनरावांनी एकदाच विचारलं, वहिनी, हे शेवटचं ना? मी मान हलवली. तेव्हा हे त्यांच्याकडे वळले आणि स्वच्छ कन्नडात म्हणाले, सरी. ठीक आहे म्हणून. एवढंच. सगळं कळून म्हणाले, की बोलणं संपलं की म्हणायची सवय म्हणून, मला ठाऊक नाही. ते गेल्यावर यांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि भूक लागलीय म्हणाले. हो म्हणालीस का, हे मात्र कालपासून एकदाही विचारलेलं नाही.

आम्ही येतो, अक्का. घर चंद्रकांतकडे राहील. त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवली आहे, पण तो विसराळू, म्हणून तुम्हालाही कळवते. काही विचारायला त्यानं लिहिलं तर हेच सांगा. बंद गळ्याचा कोट मल्लाप्पाला द्यावा, त्याला नीट बसेल. सत्काराच्या शालींतल्या उबदार त्या गंगव्वेला आणि तिच्या सुनेला, जरीच्या देवळात. चांदीचा करंडक आणि मानपत्रं पक्षाच्या कचेरीत. कचेरीच्या खोलीतली मोठी खुर्ची हयवदनरावांकडे पोचवावी, त्यांना खुर्चीची काळजी फार. कन्नड पुस्तकं कुणाला देऊ नयेत, ती नात विद्याची. समासात आजोबांनी पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, तिला वाचता येईल.

तुमच्यासाठी काही वस्तू नाही. माणूसच आणते आहे. सकाळचा पहिला चहा तुम्ही त्यांना द्या, रात्रीच्या गोळ्या मी देईन. आणि मी त्या दिवशी काय बोलले हे त्यांनी कधी कुणाला विचारलं, तर तुम्ही उत्तर देऊ नका. माझ्याकडे पाठवा.

आहोत तशा आम्हाला पदरात घ्या.
प्रेमा