भिंतीपलीकडची तमिळ

२७ ऑक्टोबर, रविवार

तमिळ! आणि मी! प्रकाशक नजीबभाईंना म्हटलं, मला त्यातलं एक अक्षर ओळखता येत नाही. ते हसले. रत्नागिरीचा माणूस, हसला की निम्मं काम झालंच असं वाटतं. "ताई, मजकूर शिकवणाऱ्या बाई पाठवतात. तुमी फक्त चित्रां काढा नि बरोबर चित्राखाली बरोबर शब्द बसवा."

इथे आखातात वाढणाऱ्या तमिळ मुलांसाठी पुस्तक आहे. घरी तमिळ ऐकतात आणि उत्तर इंग्रजीत देतात, अशी मुलं. सण आणि पहिले शब्द. चोवीस पानं. पोंगलच्या आधी छापून हवं. अदलियाच्या ऑफिसात रोज जायची गरज नाही, घरून केलं तरी चालेल.

दुपारी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना सुचलं — राजन सरांकडची कामाची बाई तमिळच आहे की! आमची मागची भिंत एकच. बादली पालथी घातली, वर चढले, केळ्याचं चित्र दाखवलं. "इदु एन्न?" — हे काय, एवढं पहिल्या पानावरच आहे.

ती आधी घाबरली. मग मागे स्वयंपाकघराकडे बघून हळूच म्हणाली, "वाऴैप्पऴम." मी म्हटलं, वाळैप्पळम. तिने तोंडावर हात धरला, खांदे हलत होते. ळ नव्हे, जीभ आणखी मागे न्यायची! पाच वेळा म्हणायला लावलं.

नाव तंगम. पंचेचाळिशीची असेल.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

आज नरक चतुर्दशी. त्यांची दीपावलीही आजच. पान सहा: पहाटे डोक्याला तेल लावून आंघोळ, आणि मग भेटेल त्याला विचारायचं, "गंगा स्नानम आच्चा?" — झालं का गंगास्नान? म्हणजे आपली पहिली आंघोळच!

मी खुशीत भिंतीवरून विचारलं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. केस कोरडे, विस्कटलेले. हातात रात्रीची कढई. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "सावी."

माझं नाव! सलील घरभर हाका मारतो, त्यावरून उचललं असेल. मला कसं छान वाटलं. "हो, सावी! सावनी!" म्हटलं.

संध्याकाळी फराळाला त्यांच्याकडेच गेलो. जावंच लागतं. राजन सर सलीलच्या कंपनीचे जनरल मॅनेजर, शुभदावहिनी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. चकल्या उत्तम. "सगळं घरी केलंय हो," वहिनी म्हणाल्या. कोणी केलं, ते मला दिसलं होतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

आजचे शब्द: तण्णीर — पाणी. सोरु — भात. पसि — भूक. पसि तिने पुस्तकात नसताना सांगितला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

तंगमला वाचता येतं! आठवीपर्यंत शिकलीय. छापायच्या आधीची पानं मी भिंतीवरून देते, ती पेन्सिलीने चुका काढते. उसाचं चित्र बघून डोळे भरले तिचे. काय झालं विचारायला माझ्याकडे शब्द नाहीत.

तिला येणारं मराठी मात्र आज कळलं. तिने बोटांवर मोजून दाखवलं: उठ. पूस. लवकर. गप्प.

दोन वर्षं मराठी घरात राहून हे चार शब्द.

२० नोव्हेंबर, बुधवार

सलील: "त्या बाईशी बोलत असतेस म्हणे. सरांनी आज सहज विषय काढला."

"सहज?"

"सहज म्हणजे सहज नाही. बंद कर, सावी."

बंद केलं नाही. वेळ बदलली. वहिनी साडेदहाला जिमला जातात.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पान अकरा आज आलं — घर. कदवु म्हणजे दार. जन्नल म्हणजे खिडकी. आणि तिसरं चित्र काढायचं: किल्ली. खाली शिकवणाऱ्या बाईंनी मराठीत उच्चार लिहिलाय — सावी.

सावी म्हणजे किल्ली.

महिनाभर ती मला हाक मारत नव्हती. किल्ली मागत होती! आणि मी प्रत्येक वेळी हसून छातीवर हात ठेवत होते — हो, हो, मी सावी.

३० नोव्हेंबर, शनिवार

अकराला त्यांची गाडी गेली. बादलीवर चढले. "तंगम. कदवु?"

तिने हवेत मूठ फिरवली. कुलूप. पुढचं दार बाहेरून. मागचं अंगण उघडं, पण भोवती ही सहा फुटी भिंत. "सावी इल्लै," म्हणाली. किल्ली नाही. मग माझा चेहरा बघून तिला कळलं की मला आत्ता कळलंय. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

एका पानाची कोरी बाजू आणि पेन्सिल दिली. पाणी भरायच्या पिंपावर टेकून तिने पान भरून लिहिलं. घरी येऊन फोनने त्याचा फोटो काढून भाषांतर केलं. मोडकंतोडकं, तरी पुरेसं होतं. दोन वर्षांचा करार आडी महिन्यात संपला — म्हणजे आपल्या श्रावणाच्या सुमारास. मॅडम म्हणाल्या दीपावलीनंतर जा. मग म्हणाल्या डिसेंबरनंतर. पासपोर्ट त्यांच्याकडेच; हट्ट केला म्हणून फोनही काढून घेतला. बाहेर जाताना कुलूप. मुलीचं लग्न झालं, ते हिला चार दिवसांनी कळलं.

शेवटची ओळ फोनने अशी दिली: "मला डोके पोंगलला पोचायचे आहे."

डोके पोंगल?

१ डिसेंबर, रविवार

शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, पुस्तकासाठी म्हणून. "तलै" म्हणजे डोकं, पण पहिलं असाही अर्थ. तलै पोंगल म्हणजे मुलीच्या लग्नानंतरची पहिली पोंगल. आईने मुलीच्या सासरी नवं भांडं, ऊस, पानासकट हळदीचा कोंब, तांदूळ, गूळ घेऊन जायचं असतं. आई आली नाही तर चार लोक मुलीला विचारतात. "दक्षिणेकडे तर फारच," बाई म्हणाल्या. "हा तपशील पुस्तकात घालूया का?"

पोंगल चौदा जानेवारीला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कार्तिगै दीपम. पान सतरावर मी पणत्यांची रांग काढलीय. तंगमने बाटलीच्या झाकणात वात लावून पिंपामागे ठेवली. वहिनींना तेलाचा वास आला. "आग लावायचीय का घराला? एवढं करतो हिच्यासाठी, तरी!" आवाज इथपर्यंत. मग दार आपटलं.

आणि याच वहिनी मला तापात तीन दिवस खिचडी पाठवत होत्या. खोटं नाही ते. तेही खरंच होतं. माझं डोकं चालेना.

१६ डिसेंबर, सोमवार

राष्ट्रीय दिनाची सुट्टी. रस्त्यावर गाड्यांना लाल-पांढरे झेंडे. त्यांचा मार्गऴी महिना आज लागला. या महिन्यात रोज पहाटे दारात कोलम — रांगोळी. तंगमने मागच्या अंगणात कणकेने काढलेला दिसला. ठिपके, ठिपक्यांभोवती एकच रेघ, कुठे तुटत नाही. दहा वाजता वहिनींनी तिच्याकडूनच पुसून घेतला. तिचा उजवा हात सुजलाय. "वलि?" विचारलं. दुखतंय? तिने हात पदराखाली घेतला.

१८ डिसेंबर, बुधवार

नजीबभाईंना सगळं सांगितलं. अदलियात, त्यांच्या ऑफिसात, दार लावून. त्यांनी बहिणीला फोन लावला, हुस्ना तिचं नाव. ती अडकलेल्या बायकांना मदत करणाऱ्या गटात आहे.

हुस्ना स्पष्ट बोलते. पासपोर्ट ठेवून घेणं इथल्या कायद्यात बसत नाही. कामगारांसाठी सरकारी आसरा-केंद्र आहे, ते सुट्टीलाही उघडं असतं. "तक्रार करून पोलीस दारात नेले तर तुमच्या वहिनी म्हणतील, बाई खूश आहे, आणि बाई भीतीने मान हलवेल. असं दोनदा झालंय माझ्यासमोर. ती स्वतः बाहेर आली तर गोष्ट वेगळी."

नजीबभाई म्हणाले, "तुमी तिला फक्त भिंतीच्या अल्याड आणा. पुढचा मी बघतो."

२ जानेवारी, गुरुवार

सलीलला सांगितलं. सांगायला नको होतं.

"माझा व्हिसा कोणाच्या सहीने आहे? एप्रिलमध्ये रिन्यूअल आहे! आपण काय, उद्या सामान बांधून कोल्हापूरला?"

"बाई कोंडलीय, सलील."

"आपल्या घरात नाही ना कोंडली!"

नंतर जवळ येऊन बसला. म्हणाला, पोंगल झाली की मी सरांशी बोलतो. मी म्हटलं, पोंगल झाल्यावर कशाला?

५ जानेवारी, रविवार

तंगमला चित्र काढून दिलं. सूर्य डोक्यावर. त्यांची गाडी नसलेली जागा. भिंत. भिंतीला शिडी. भिंतीच्या या बाजूला मी. खाली तारीख, दहा; तमिळ आकड्यांची गरज नाही, तेवढं तिला वाचता येतं. तिने चित्र दुमडून तोंडात घातलं आणि चावून गिळलं! मी बघतच राहिले.

१० जानेवारी, शुक्रवार

झालं. क्रमाने लिहिते, नाहीतर झोप लागणार नाही.

मंडळाचं स्नेहसंमेलन मनाम्यात, अकराला. डोकं दुखतंय म्हणून मी मागे राहिले. सलीलने दारातून वळून पाहिलं. वहिनी आधीच गेल्या होत्या, अकरा वीसला सरांची गाडीही गेली. घडीची शिडी भिंतीवरून पलीकडे सोडताना हातातून निसटली. केवढा आवाज! दोघी दगडासारख्या उभ्या. कोणी आलं नाही.

आणि तेवढ्यात फोन. शुभदावहिनी! "सावनी, बरं वाटतंय का गं? पोचल्यावर आधी तुझी चौकशी केली मी. तंगमच्या हाती काढा पाठवू का परत आल्यावर?" मी हो म्हटलं. तंगम तेव्हा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होती, माझ्यापासून दोन हातांवर. वहिनींचा आवाज तिला ऐकू येत होता. ती थांबली. मला वाटलं, आता उतरेल ती. खाली उतरेल, आणि संपलं.

वर आली. भिंतीवर पालथी पडली, साडी अडकली, फाटली. सुजलेला हात टेकवेना. मी कंबरेला धरून ओढलं, दोघी माझ्या कपड्यांच्या बादल्यांवर पडलो. तिचा गुडघा फुटला. बरोबर काय आणलं तर काहीच नाही. अंगावरची साडी.

नजीबभाईंची गाडी पुढच्या गल्लीत. हुस्ना मागच्या सीटवर. ती म्हणाली, "यल्ला, यल्ला!" — चला, चला. तंगमने दार धरून मला काहीतरी भरभर सांगितलं. मला त्यातला एक शब्द कळला नाही. अडीच महिने शिकून!

गाडी गेल्यावर आठवलं — शिडी. शिडी पलीकडेच राहिली.

११ जानेवारी, शनिवार

तंगम केंद्रात सुखरूप. डॉक्टरने हात बघितला, हाड मोडून बरेच दिवस झालेत म्हणाला. हुस्नाचा निरोप: तिने दोनदा भात घेतला.

इथे अजून शांत. ही शांतता मला सहन होत नाही.

१२ जानेवारी, रविवार

संध्याकाळी राजन सर आले. हातात शिडी. भिंतीला टेकवून ठेवली, नीट, हळू.

"तुमचीच ना?"

आणि सलील म्हणाला — माझ्या आधी, शांतपणे — "हो सर, आमचीच. गेल्या आठवड्यात एसीवाला वर चढला होता, त्यानेच पलीकडे सोडली असणार. मी ओरडणारच होतो त्याला."

सरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "केंद्रातून फोन आला होता. बाईचा पासपोर्ट मागतायत. मी सांगितलं, माझ्याकडे नाही, तिच्याकडेच असेल. खोटं नाही बोललो." मग माझ्याकडे वळले. "शुभदा रडतेय सकाळपासून. घरच्यासारखं वागवलं तिला."

ते गेल्यावर सलीलचा हात धरला. माझ्यासाठी खोटं बोलला. नोकरी पणाला लावून! किती काय काय बोलले होते मी त्याला मनात.

अडचण आता एकच. पासपोर्ट नाही तर एम्बसीकडून नवा कागद, त्याला दोन-तीन आठवडे. तलै पोंगल परवा. पासपोर्ट असता तर हुस्ना म्हणते दोन दिवसांत विमानात बसवलं असतं. पोंगलचे चार दिवस असतात. शेवटच्या दिवशी तरी पोचली असती. सलीलला विचारलं, कुठे असेल रे? म्हणाला, "तिच्याचकडे असणार. विसर आता."

१३ जानेवारी, सोमवार. दुपार

केंद्रात तंगमच्या बाजूने साक्ष द्यायला माझ्या पासपोर्टची झेरॉक्स हवी, म्हणून सलीलची ऑफिसची फाइल काढली.

माझा वरच होता. त्याच्या खाली तंगमचा. त्यावर सलीलच्या अक्षरात चिठ्ठी: "सरांकडून ठेवायला." खाली तारीख — गेल्या जुलैची.

दोन्ही घेतले. नजीबभाईंना फोन केलाय. सलील यायच्या आत निघते.